किडा कुणाचा?

गिऱ्हाईकाने परत आणून टाकलेला ढोल दोघा भावांच्या मधोमध पडला होता. लाकडाला बारीक भोकं होती. ढोलाचं लाकूड थोरल्याचं, कातडं धाकट्याचं. काल शब्दाने शब्द वाढला आणि ठरलं, ज्याच्या मालात कीड निघेल त्याने कारखान्यातून चंबूगबाळं आवरायचं.

भोकं लाकडात, म्हणजे धाकटा सुटला होता. तरी त्याचं बूड टेकत नव्हतं. दारापर्यंत जाई, परत येई, कातड्यांची चवड उगाच उचकून बघे.

“एका जागी बस बघू,” थोरला म्हणाला. “लाकूड खाणारा किडा मला माहीत आहे. गुळगुळीत असतो. लाकडात जन्मतो, लाकडातच वाढतो. तुझ्या कातड्याला तो तोंड लावायचा नाही.”

“आणि माझा लाकूड खात नाही,” धाकटा घाईने म्हणाला. “त्याला कातडंच लागतं.”

“मग मिटलं की!” थोरल्याने कुऱ्हाडीने ढोल फोडला. एका भोकाच्या तळाशी अळीने टाकलेली कात होती. तपकिरी, केसाळ. त्याने ती तळहातावर घेतली. “हे केस कसले? असला मी कधी पाहिला नाही. तू पाहिलायस?”

धाकट्याने पाहिला होता. ओलसर राहिलेल्या कातड्यांखालून असल्या काती त्याने अनेकदा झटकल्या होत्या. नुसतं ‘नाही’ म्हटलं की काम फत्ते. थोरल्याला पत्ताही लागला नसता.

“माझा आहे, दादा. पोटभर खातो माझ्याकडे. कोशात जायची वेळ आली की लाकूड पोखरून आत दडतो. कातडं मी नीट वाळू दिलं नाही.”

धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुऱ्या गोळा करायला तो भिंतीकडे वळला आणि थबकला. त्याच्या सुऱ्या जागच्या जागी होत्या. शेजारचे थोरल्याच्या पटाश्यांचे खिळे मात्र सगळे रिकामे होते. दाराआड तोंड बांधलेली पिशवी उभी होती.

“बघत काय राहिलास?” थोरला म्हणाला. “सोड ती गाठ. फार घट्ट मारलीय, माझ्याने सुटायची नाही.”