पाऊण तासाचं दळण

नातू पाळण्यात रडून रडून लाल झाला, तरी चांगुणा जागची हलली नाही. शेवटी सून मनकर्णाच चुलीपासून उठून आली. तिने लेकराला उचलून घेतलं. दोन महिन्यांत आजीने त्या लेकराला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं, आणि का ते काष्टी गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.

चांगुणाचा लेक गहिनीनाथ फौजेत होता, पार आसामच्या टोकाला. दर मंगळवारी सकाळी सातला तो शिध्याची पोती घेऊन एका धावपट्टीवरून डोंगरातल्या दुसऱ्या धावपट्टीवर जायचा. सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला होता, "एकशेदहा मैल हाय, आई. चालत अठरा दिवस, विमानानं पाऊण तास."

पाऊण तास म्हणजे किती, हे चांगुणाने आपल्या परीने ठरवून टाकलं. दोन शेर ज्वारीचं दळण. गावात गिरणी येऊन जुनी झाली होती, पण मंगळवारी सातची एस.टी. गेली की ती जात्याला बसायची आणि दळण संपेपर्यंत उठायची नाही. लेक आभाळात असताना आईने हात थांबवायचा नाही, एवढंच तिला कळत होतं.

शेजारची राहीबाई चेष्टा करायची, "चांगुणे, लेकाचं विमान तूच वडतीस व्हय गं?"

चांगुणा नुसती हसायची.

त्या मंगळवारी शेरभर दळून झालं आणि मनकर्णाला कळा सुरू झाल्या. चांगुणा खुंटा सोडून धावली. दुपारपर्यंत नातू झाला. हातपाय धुऊन ती आधी पोस्टात गेली, स्वतः उभं राहून लेकाला तार केली आणि येताना गल्लीभर साखर वाटली. उरलेली ज्वारी सुपात तशीच राहिली.

शनिवारी फौजेची तार आली. विमान डोंगरात पडलं, कोणी वाचलं नाही. वार लिहिला नव्हता, पण चांगुणाला तो विचारावाच लागला नाही. आपण त्याला अर्ध्या वाटेत सोडलं, आणि या पोरापायी सोडलं. लेकरावर राग धरणं पाप आहे, हेही तिला समजत होतं. तरी हात पुढे होत नव्हता.

नातू पाळण्यात रडून लाल झाला, त्याच दिवशी दुपारी सुपे गावचा जैनुद्दीन आला. गहिनीनाथच्याच तुकडीतला, त्याची पेटी पोचवायला आला होता. पाणी प्यायला आणि खाली मान घालून बसला.

"त्या मंगळवारी उडाल्यावर किती वेळानं पडलं रं?" चांगुणाने विचारलं.

"मंगळवारी कुठं, मावशी? मंगळवारचं विमान पाऊण तासात नीट पोचलं की. गहिनी खाली उतरला, माझ्यासंगं चा प्याला."

चांगुणा उठली, पाळण्याशी गेली आणि पहिल्यांदा नातवाला उचलून उराशी धरलं. तिच्या डोळ्यांना धार लागली. मनकर्णाही दाराशी उभी राहून रडली.

"मंग पडलं कवा?" नातवाला थोपटत तिने विचारलं.

"गुरुवारी. त्या दिशी त्याची पाळीच न्हवती, मावशी. डोंगरातनं माघारी जानाऱ्या विमानात एक जागा हुती. सायबाच्या पाया पडून रजा घेतली अन् बसला. सकाळीच तार आलती त्याला, ती समद्यांना दाखवत फिरत हुता." जैनुद्दीनने डोळे पुसले. "'मुलगा झाला. तोंड बघायला लगेच ये. आई.'"