घड्याळवाल्यांची गाठ

"अरे, खेचू नकोस! मासा आहे तो, मैद्याचा गोळा नाही!" घड्याळवाले काठावरून ओरडले.

रॉड त्यांच्या साडूच्या हातात होता. साडू बेकरीवाले. चाळीस वर्षं मैदा तिंबून त्यांचे दंड नारळाएवढे झाले होते आणि मासा लागला की ते सगळं बळ एकदम वापरायचे.

गेल्या रविवारी याच जागी एक मोठा कार्प त्यांच्या गळाला लागला आणि निसटला. "गाठ सुटली," बेकरीवाले म्हणाले. "तू बैलासारखा ओढलास, दोरा तुटला," घड्याळवाले म्हणाले. रिळावरचा बारीक दोरा जिथे लीडरला, म्हणजे गळाजवळच्या जाड दोऱ्याला, जोडतात तिथली ही गाठ. तळाच्या दगडांवर घासून दोरा तुटू नये म्हणून लीडर. पण जोडच कच्चा असेल तर लीडर असून उपयोग काय? हा जोड दोन्ही रॉडना घड्याळवालेच बांधायचे. शनिवारी संध्याकाळी, घरी, टेबलाशी दिवा लावून. ज्या बोटांनी चाळीस वर्षं बायकांच्या इवल्याशा घड्याळांत केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्या बोटांना साडू नावं ठेवत होता! आठवडाभर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. निरोप काय ते दोघी बहिणी फोनवर पोचवत होत्या.

घड्याळांचं दुकान घड्याळवाल्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद केलं. "कंटाळा आला," असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे जवळच्या स्क्रूचे कधी एकाचे दोन दिसायचे, कधी तो दिसायचाच नाही. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा.

मासा थकला. घड्याळवाल्यांनी जाळी खाली घातली आणि दोघांनी मिळून त्याला वर घेतलं. चांगला मांडीएवढा होता. बेकरीवाले गळ काढायला वाकले आणि तसेच थांबले. माशाच्या ओठात आजच्या गळाशेजारी आणखी एक गळ रुतला होता. त्याला तपकिरी लीडर, आणि लीडरच्या टोकाला वीतभर बारीक दोरा लोंबत होता. या तळ्यावर तपकिरी लीडर फक्त घड्याळवाले वापरायचे.

"तोच!" घड्याळवाले ओरडले. "गेल्या रविवारचाच! बघ, दोरा तुटलाय. गाठ बघ, गाठ!"

बेकरीवाल्यांनी दोन्ही गळ हलकेच काढले. तळ्याच्या नियमाप्रमाणे मासा पाण्यात सोडला. मग जुना लीडर उजेडात धरून पाहिला. माणूस दिलदार होता.

"हरलो, बाबा," ते म्हणाले. "गाठ एकदम पक्की आहे. चूक माझी. आठवडाभर उगाच तोंड फुगवून बसलो."

घड्याळवाल्यांची छाती फुगली.

"पण एक सांग. गाठीला नेलपॉलिश कधीपासून लावायला लागलास?"

"कसलं नेलपॉलिश?"

"हे काय, गुलाबी ठिपका. डोळ्यांसमोर तर आहे!"

घड्याळवाल्यांनी लीडर जवळ धरला. लांब धरला. गाठ होती, ठिपका कुठेच नव्हता.

"हां, ते होय," ते म्हणाले. "त्यानं गाठ सरकत नाही. जुनी युक्ती आहे."

बेकरीवाले थर्मासमधला चहा ओतायला वळले, तसं घड्याळवाल्यांनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. ठिपका होता. गुलाबी. दुसऱ्या रॉडच्या गाठीवरही होता. ते स्वतः पाच वेढे घ्यायचे. इथे सात होते, आणि कसे, सदऱ्याच्या बटणांसारखे ओळीत बसलेले.

लीडर दर रविवारी चार बोटं आखूड कसा भरतो, ते आता कळलं. त्यावरून ते दुकानदाराशी दोनदा भांडून आले होते. रविवारी सकाळी अंघोळ करून बाहेर यावं तर बायको नेहमी त्या टेबलाशीच का असायची, तेही कळलं. "धूळ पुसत होते," म्हणायची. शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलेली बाई. अजून एका दमात सुई ओवायची. आणि "दुकानाचा कंटाळा आला" म्हटल्यावर तिनं एक प्रश्नही विचारला नव्हता.

दुपारी घरी आले तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय हो, मिटलं का साडूंचं भांडण?"

"मिटलं. मासा परत सापडला. गाठ शाबूत होती."

"असणारच," ती घडीवरून नजर न काढता म्हणाली. "बांधली कुणी होती!"

तिच्या नखांवरचा गुलाबी रंग त्यांना दारातूनही स्वच्छ दिसत होता. लांबचं त्यांना छान दिसायचं. त्यांना हसू आलं. "जरा पाणी दे," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी ते पुन्हा टेबलाशी बसले. दिवा लावला, बाह्या सरसावल्या. ती समोर बसून सदऱ्याला बटण लावत होती.

"नीट बांधा हो," ती म्हणाली. "नाहीतर भाऊजी परत रुसायचे."

"मी बांधल्यावर बघायला नको," घड्याळवाले म्हणाले. त्यांनी अगदी सावकाश पाच वेढे घेतले, टोकं चांगली लांब ठेवली आणि गाठ मुद्दामच ओढून घट्ट केली नाही. सकाळी बायकोला ती कात्री न लावता सोडता यायला हवी होती.