पडद्यावर उमटलेली ओळ

"ताई, यांना चहा दिला तर चालेल का?" गजराबाईंनी काउंटरवर विचारलं. त्यांचा नवरा तिसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागात होता आणि त्यांना वर जायला मनाई होती.

"थांबा हं, बघते," ऋतुजा म्हणाली. इस्पितळातल्या डॉक्टरांना नुकतीच डिजिटल पेनं मिळाली होती. ते वर कागदावर लिहायचे आणि त्यांचं अक्षर त्याच क्षणी खाली तिच्या कॉम्प्युटरवर उमटायचं. तिनं पेशंटचं नाव टाकलं. शेवटची ओळ आत्ताच आली होती. तीत मृत्यूची वेळ लिहिली होती आणि खाली डॉक्टरांची सही.

असं काही असलं तर ते डॉक्टरांनीच सांगायचं, असा नियम होता. ऋतुजानं ओळ पुन्हा वाचली. तिला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. फक्त हात कीबोर्डवरून निघेना.

"काय म्हणतात डॉक्टर?"

"ते येतायत खाली. तुमच्याबरोबर कोण आहे?"

"मुलगा आहे. जेवायला गेलाय."

"त्याला बोलावून घ्या."

गजराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. ऋतुजा काउंटरमागून बाहेर आली. त्यांचा हात धरून तिनं त्यांना बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली.

गजराबाईंनी मुलाला फोन लावला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"जेवण राहू दे, लगेच ये," त्या म्हणाल्या. "अण्णा गेले तुझे."

ऋतुजानं अजून काहीच सांगितलं नव्हतं.