शाश्वत रोजगार

परळच्या ज्या गिरणीत गौतमच्या बापाची हाडं झिजली, ती पाडून उभ्या केलेल्या टॉवरच्या गेटवर गौतम वॉचमन होता. आज वर सूटबूटवाल्यांची परिषद भरली होती. विषय काय, तर कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर कामगारांना शाश्वत रोजगार कसा द्यायचा! त्यासाठी चंद्रपूरकडचा एक खाणकामगार, पुंडलिक, खास बोलावला होता. तो बिचारा गेटवरच बावरून उभा राहिला.

"भाऊ, वर जाऊ का? काम भेटन म्हणतेत."

"जा की बिनधास्त! एसी तुझ्याच कोळशावर चाललाय, घाबरतोस काय?" गौतमने त्याला डब्यातली अर्धी भाकरी खायला घातली आणि लिफ्टपर्यंत सोडलं. "माझ्या बापाला तर कुत्रंसुद्धा विचारायला आलं नाही. तुझं तरी होऊ दे, बाबा."

संध्याकाळी टाळ्यांचा कडकडाट पार खालपर्यंत ऐकू आला. मागोमाग सिक्युरिटीचा सुपरवायझर पुंडलिकला घेऊन उतरला. पुंडलिकच्या गळ्यात हार होता, मान मात्र खाली.



"गौतम, युनिफॉर्म उतरव आणि ह्याला दे. वर ह्याचं पुनर्वसन झालंय."