दारावरचा रंग

वसतिगृहात एका मुलीच्या दारावर कुणीतरी रंगानं लिहिलं, 'तुम्ही लोक इथून चालते व्हा!' प्राचार्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिपायाची वाट न बघता त्यांनी बाह्या सरसावल्या आणि टर्पेंटाइनचा बोळा घेऊन स्वतःच दार घासून लख्ख केलं.

तेवढ्यात ती मुलगी बॅग भरून बाहेर आली.

"बॅग ठेव आत!" घामाघूम झालेले सर म्हणाले. "माझ्या कॉलेजात 'आम्ही' आणि 'तुम्ही' असलं काही चालायचं नाही. घरीही कळव, आम्ही तुम्हा लोकांना आमचेच समजतो!"

मुलीनं बॅग खाली ठेवली आणि हसू दाबत बोळा उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला.



"सर, थोडंसं राहिलंय अजून पुसायचं."