रुबाबदार डुक्कर

"भुवई फार सरळ गेलीय," ड्रायव्हर म्हणाला. "वहिनी कुणावर रागावल्यात का?"

डॉक्टरांच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला. लाकडात कोरलेला त्यांच्या बायकोचा चेहरा टेबलाच्या मधोमध होता आणि ड्रायव्हर, शिंपी असं सगळं हौशी कोरकाम मंडळ त्याच्याभोवती जमलं होतं. शिंप्याला नाक पुढे आल्यासारखं वाटत होतं. मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे भूमितीच्या निवृत्त बाई. त्यांनी चष्मा पुसला आणि हनुवटीवर बोट ठेवलं.

"इथे करपलंय. पातं चालू ठेवून थांबलात ना?"

"दात मात्र झकास," ड्रायव्हरने सांत्वन केलं. जन्मभर दातांची डॉक्टरकी केलेल्या माणसाला हे सांत्वन फारसं लागू पडलं नाही.

दवाखाना कायमचा बंद केल्यावर डॉक्टरांनी बारीक पात्याची विजेची करवत घेतली होती. ती शिवणयंत्रासारखी टकटकते. फळीवर कागदाची नक्षी चिकटवायची आणि रेघेरेघेने फळी फिरवत न्यायची, की झालं. पहिल्याच दिवशी, इतक्या लोकांचे दात पाहिलेल्या या माणसाने पात्याचे दात उलटे बसवले. फळी बेडकासारखी उड्या मारू लागली. मंडळात हे सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. "आमचं सगळ्यांचंच झालंय तसं," म्हणाले. पुढे डॉक्टरांच्या हत्तीची सोंड तुटली आणि त्याचं डुक्कर झालं. "वा, काय रुबाबदार डुक्कर आहे." फुलपाखराचा एक पंख गळाला. "वा, उडताना असंच दिसतं." डॉक्टर त्या दिवसांत घरी चालत जात नसत, तरंगत जात.

घरी बायको असे. तिला लग्नापासून त्यांचं काही पसंत पडल्याचं ऐकिवात नव्हतं. शर्टाची निवड, चहाचा रंग, गाडी लावण्याची तऱ्हा, सगळ्यातच काहीतरी राहिलेलं असे. बरं, कौतुकात ती कंजूष होती म्हणावं, तर तेही नाही. वरच्या मजल्यावरची शेजारीण खाली येऊन बेसूर गायची. "छान गाता हो." डॉक्टरांच्या ताईने चामड्यासारखा केक आणला. "छान झालाय हो." ताई गेल्यावर तो केक शेजारच्या कुत्र्यापुढे ठेवण्यात आला. कुत्र्याने वास घेतला आणि ते दुसऱ्या गल्लीत राहायला गेलं.

आता उद्या बायकोचा वाढदिवस होता. एकदा तरी तिच्या तोंडून 'छान' ऐकायचंच, अशा इरेला पेटून डॉक्टरांनी हा चेहरा कोरला होता. आजवरचं त्यांचं सर्वांत चांगलं काम. आणि मंडळाने नेमकी त्याचीच चिरफाड केली होती.

त्यांनी चेहरा फडक्यात गुंडाळला. "उद्यापासून मी येणार नाही. डुकराला तुम्ही वा म्हणालात. हे काय त्याहून वाईट आहे?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"यांना कुणी सांगितलंच नाही वाटतं," शिंपी पुटपुटला.

"अहो डॉक्टर," बाई म्हणाल्या, "नवा माणूस घाबरून पळू नये म्हणून आम्ही वा म्हणतो. तुमचं ते डुक्कर खरं तर बघवत नव्हतं. काम जमायला लागलं, की मगच आम्ही चुका काढतो. मी कोरलेल्या घड्याळाला या ड्रायव्हरने पहिल्यांदा नावं ठेवली, त्या दिवशी मी सगळ्यांना कॉफी पाजली होती. आता तुमच्याकडे कॉफी लागली."

डॉक्टरांनी फडकं सोडलं. "नाक नक्की किती पुढे आलंय म्हणता?"

सकाळी बायकोने चेहरा खिडकीपाशी उजेडात धरला. डॉक्टर खुर्चीतल्या पेशंटसारखे आ वासून बसले.

"नाक ताईंचं लावलंय," ती म्हणाली. "भुवया कुठल्या हवालदाराच्या आणल्यात? आणि एवढे दात काढून मी कधी हसते? हनुवटीवर हे काळं कसलं?"

"तिथे जरा रेंगाळलो होतो."

तिने अंगठ्याने डाग पुसून पाहिला. तो जाणार नव्हता. मग तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्या खिळ्यावर चेहरा टांगला.

"एक विचारू?" डॉक्टर म्हणाले. "शेजारणीचं गाणं छान. ताईचा केक छान. मला मात्र आजवर एकदाही छान म्हणाली नाहीस."

बायकोने चेहरा किंचित डावीकडे केला, मागे सरून पाहिलं, पुन्हा किंचित उजवीकडे केला.

"तुम्ही काय पाहुणे आहात?"