पाणी शिरणार नाही असा डबा

आप्पांनी दोन बोटांनी झाकण उचललं आणि तोंड फिरवलं. आत वही नव्हती, वहीचा लगदा होता. त्यावर बुरशी धरली होती आणि एक गोगलगाय चिकट माग काढत कोपऱ्याकडे निघाली होती.

"शी," ते म्हणाले. "हा डबा म्हणायचा की गटार?"

सूनबाईने मान खाली घातली. डबा तिचाच होता. तिचा एक खेळ होता. आडजागी डबा लपवायचा, त्या जागेचा ठावठिकाणा फोनवर टाकायचा, आणि अनोळखी लोकांनी शोधत येऊन आतल्या वहीत सही करून जायचं. तिने टेकडीवरच्या पडक्या भिंतीतली फट निवडली होती आणि डबा घेतला होता आइस्क्रीमचा. दोन पाऊस झाले आणि तक्रारी सुरू झाल्या. नवरा कामासाठी परगावी, म्हणून तिने सासऱ्यांना गळ घातली होती, नुसतं सोबत चला.

आप्पा तयार झाले याचंच घरात नवल होतं. शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. तिथे लोकांच्या पिण्याच्या पाण्यात घाण शोधली. निवृत्त झाल्यावर ती घरात शोधू लागले. कपाला वास येतो. टॉवेल ओलसर आहे. भाजी नीट धुतलेली नाही. दोन वर्षं खिडकीपाशी बसून नाक मुरडायचं, एवढाच उद्योग. त्यांच्या पत्नी, माई, म्हणायच्या की यांचं तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं.

टेकडीवरून आल्यावर आप्पांनी तीनदा साबणाने हात धुतले. मग न्हाणीघरातली मोठी बादली काठोकाठ भरली आणि सूनबाईला बोलावून सांगितलं की डबा बघून घ्यायचा नसतो, बुडवून घ्यायचा असतो. आत टिपकागद ठेवायचा, वर दगड ठेवायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.

घरातल्या डब्यांवर गंडांतर आलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याने तासाभरातच राम म्हटला. चार खटक्यांचा महागडा डबा तग धरून होता, पण सकाळी कागदाचा एक कोपरा ओला निघाला. झाकणाच्या रबराखाली वाळूचा एक कण अडकला होता. आप्पांनी तो कण नखावर घेऊन सगळ्यांना दाखवला. दवाखान्यात नमुना द्यायची बाटली मात्र माईंनी उंबरठ्यावरूनच पिटाळली. त्यात लोक काय देतात ते त्यांना ठाऊक होतं, आणि आंघोळ त्यांना त्याच बादलीतून करायची होती.

शेवटी आप्पा स्वतः जुन्या प्रयोगशाळेत गेले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. येताना रुंद तोंडाची, जाड प्लास्टिकची बाटली घेऊन आले. आत घट्ट बूच, वर आट्यांचं झाकण. तीन दिवस ती पाण्याखाली राहिली आणि कागद खडखडीत कोरडा निघाला.

रविवारी दोघं जाऊन ती फटीत ठेवून आली. पुढच्या रविवारी सूनबाई म्हणाली की वही भिजल्याचा निरोप आलाय. आप्पांचा विश्वास बसेना. वर जाऊन पाहतात तो खरोखरच तळाशी पाणी, वही टम्म फुगलेली, कागदाला तो ओळखीचा कुबट वास. त्यांना स्वतःचीच किळस आली. त्यांनी बूच बदललं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तरी चढताना ते तिला गढूळ टाक्यांच्या, टाकीत सापडलेल्या मेलेल्या पालींच्या, एका वस्तीतली कावीळ कुठल्या फुटक्या नळातून आली त्याच्या गोष्टी सांगत होते. ती शी-शी करत पुढचं विचारत होती.

तिसऱ्यांदा पाणी निघालं तेव्हा आप्पांनी बाटली तशीच घरी आणली. चमचाभर पाणी काचेच्या नळीत घेतलं, कपाटातून तपासणीचे थेंब काढून त्यात टाकले. पाणी पिवळं झालं.

पिवळं म्हणजे क्लोरीन. पावसाच्या पाण्यात क्लोरीन नसतं, आणि टेकडीवर नळ नाही. शिवाय ते फार काळ टिकत नाही. म्हणजे पाणी आज सकाळचंच. आणि आज उजाडताच पळायला म्हणून घरातून एकच माणूस बाहेर पडलं होतं.

त्यांचं तोंड कडू झालं. घाण त्यांनी पुष्कळ पाहिली होती. घरच्या माणसाने समजून उमजून कालवलेली ही पहिलीच. नळी घेऊन ते स्वयंपाकघरात गेले आणि ती सूनबाईसमोर धरली. पिवळ्याचा अर्थ तिला कळण्यासारखा नव्हता. पण आप्पांचा चेहरा तिला वाचता येत होता. तिने गॅस बंद केला.

"डबा टिकला असता," ती हळूच म्हणाली, "तर तुम्ही पुन्हा घराबाहेर पडला असतात का, आप्पा?"

मागे माई भांडी पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी काही विचारलं नाही. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

आप्पांनी नळीतलं पाणी मोरीत ओतलं. नळी दोनदा विसळली, उजेडाकडे धरून पाहिली. नाक मुरडलेलंच होतं.

"ओतायचंच असेल तर पावसाचं साठवून ओतत जा," ते म्हणाले. "नळाचं लगेच ओळखू येतं."